ऑर्तेन्सियाला पडलेलं एक मत

रोक्कास्पिना, २८ ऑक्टोबर

इम्मा,

तुझं पत्र मिळालं, नातवाचा फोटोही. पोर गोड आहे, फक्त नाक आपल्या बाबांचं घेऊन आलंय बिचारं. पण त्याच्या मागे भिंतीवर काय टांगलंय तेही मी पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. आपल्या भावाची, एवारिस्तोची तसबीर, सही केलेली, सोनेरी चौकटीत. तू अर्जेंटिनाला गेल्यापासून दर महिन्याला तुला पत्र लिहिते ती मी. त्यानं एकदा तसबीर धाडली, तीही त्याच्या चिटणिसानं पाकिटात घातली असणार, आणि तुझ्या बैठकीत भिंतीवर तो. माझी पत्रं कुठे ठेवतेस ते विचारत नाही.

असो. बातमी सांगायला बसले होते. डिसेंबरात नवा राष्ट्राध्यक्ष निवडायचाय. ते मत तुम्हा-आम्हाला नसतं, संसदेच्या लोकांना असतं. पण आता प्रांत झालेत, तेव्हा प्रत्येक प्रांतातून तीन प्रतिनिधी रोमला जाणार. आपल्या प्रांत परिषदेनं दोन पुरुष नेमले आणि तिसरी मी.

ठराव झाल्यावर एक वकील उठून म्हणाला, "सेनेटर सान्तोमाउरोंची बहीण जातेय, हे उत्तमच झालं." मी म्हटलं, "मी रोक्काची नगराध्यक्षा झाले तेव्हा तुम्ही गुडघ्याएवढे होतात, वकीलसाहेब. तेव्हा सेनेटर कुणाचा भाऊ होता ते तुमच्या आईला विचारा." सगळे हसले. मी काही बोलले की आधी हसतात, मग ऐकतात. ऐकलं तर.

तू तेव्हा इथेच होतीस, त्यामुळे तुला सांगायला नको. पण सांगते. बायकांना पहिल्यांदा मत मिळालं त्या वसंतात गावानं मला निवडून दिलं. तीन महिन्यांत घटना लिहायला रोमला माणसं पाठवायची वेळ आली. यादीत माझं नाव होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग बिशपसाहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. "एका घरातून एकच नाव बरं दिसतं, आणि मुलगा वकील झालाय." बाबा घरी आले आणि माझ्याकडे न पाहता जेवायला बसले. एवारिस्तो म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी तू." पुढच्या वेळी तो उपमंत्री झाला, त्याच्या पुढच्या वेळी शेतीमंत्री. आता सेनेटचा अध्यक्ष आहे.

त्याच्यासाठी चौकात खुर्चीवर उभं राहून कोण बोललं? घसा बसेपर्यंत? लोकांनी "ऑर्तेन्सियाचा भाऊ" म्हणून मतं दिली त्याला. आता मी एवारिस्तोची बहीण.

नळाचं पाणी गावात यावं म्हणून पोतेन्साच्या कचेऱ्यांत मी किती चपला झिजवल्या ते ठाऊक आहे तुला. पाणी आलं त्या दिवशी मंत्रीमहाशय मोटारीतून उतरले, तोटी फिरवली, ओंजळीनं पाणी प्यायले, फोटो निघाला. हौदावरच्या संगमरवरात नाव त्याचं. कपडे धुताना बायका ते नाव वाचतात. माझं नाव कुणी वाचत नाही, कारण ते कुठेच नाही.

मी जळते असं तू मागच्या पत्रात लिहिलंस. जळत नाही. हिशेब माझ्या लक्षात राहतो, इतकंच.

तुझी
ऑर्तेन्सिया

रोम, ११ डिसेंबर

इम्मा,

मी जोगिणींच्या मठातल्या पाहुण्यांच्या खोल्यांत उतरलेय. अर्धे सेनेटर अशाच मठांत राहतात. सूप पातळ असतं आणि पलंग कडक, पण दार लावलं की कुणी हाक मारत नाही. एवारिस्तो म्हणाला होता, "आमच्याकडे राहा." आपली भावजय लुदोविका म्हणाली, "ऑर्तेन्सियाताईंना मोकळं वाटेल तिथे राहू देत." कळलं मला.

रोज दोन फेऱ्या होतात. एकेकाचं नाव पुकारतात, आपण उठून जायचं, चिठ्ठी पेटीत टाकायची, परत येऊन बसायचं. मग सभापती एकेक चिठ्ठी उलगडून मोठ्यानं वाचतो. हजारावर चिठ्ठ्या. अर्ध्याहून एक जास्त मिळाली की झाला राष्ट्राध्यक्ष. आपल्या पक्षानं म्हाताऱ्या त्रेविसोलला पुढे केलंय. रोज त्याचीच चार माणसं गुपचूप दुसरं काही लिहितात, आणि तो रोज पडतो. दर फेरीनंतर म्हातारा हातरुमालानं चष्मा पुसतो आणि म्हणतो, "उद्या." माझ्या शेजारचा एक सार्डिनियाचा सभासद म्हणाला, "बाई, इथे तोंडावर मिठी मारतात आणि चिठ्ठीत सुरी खुपसतात. घरच्यासारखंच आहे, नाही?"

एवारिस्तो पुढच्या रांगेत बसतो. हातावर हात, चेहऱ्यावर काही नाही. त्याला राष्ट्राध्यक्ष व्हायचंय हे त्या सभागृहात फक्त मला दिसतं. लहानपणी ताटातल्या शेवटच्या सॉसेजकडे तो न पाहता बसायचा, आठवतं? आई म्हणायची, "बघा, माझं पोर किती समजूतदार." आणि सॉसेज त्यालाच मिळायचं. तसाच बसलाय.

रविवारी त्याच्याकडे जेवायला गेले. घरून मी वाळवलेल्या लाल मिरच्यांची माळ नेली होती. लुदोविकानं ती दोन बोटांत धरली, जशी काही मेलेली चिमणी. "किती सुंदर रंग. दिवाणखान्यात टांगू या." मी म्हटलं, "टांगायला नाहीत, तेलात तळायला आहेत." नंतर पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तर सेनेटचा अध्यक्ष कोट काढून, बाह्या वर करून मिरच्या तळत होता. तळून गरमगरमच तोंडात टाकत होता, बोटं चाटत होता. "ताई, आईच्या हातच्यासारख्या झाल्यात." "आईनं कधीच तळल्या नाहीत," मी म्हटलं. "मीच तळायचे." तो म्हणाला, "हो का?" त्याला खरंच ठाऊक नव्हतं, इम्मा.

आई शेवटच्या महिन्यांत मला एवारिस्तो म्हणायला लागली होती. चमच्यानं भरवायचे मी आणि ती म्हणायची, "एवारिस्तो, किती करतोस रे माझं." हे तुला आजवर लिहिलं नव्हतं.

ऑर्तेन्सिया

रोम, १९ डिसेंबर

इम्मा,

तुमच्याकडच्या वर्तमानपत्रात आलं असेल तर ते वाचून काही ठरवू नकोस. आधी हे वाच.

गुरुवारी त्रेविसोलनं माघार घेतली. संध्याकाळी पक्षाची बैठक झाली आणि एवारिस्तोचं नाव ठरलं. बैठकीत तो म्हणाला की या ओझ्याला आपण लायक नाही. टाळ्या पडल्या. प्रांतांच्या प्रतिनिधींच्या बाकावर मीही बसले होते. सगळे मागे वळून माझ्याकडे पाहून हसत होते, कुणी माझा हात हातात घेत होतं. मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. हात दुखले इतक्या वाजवल्या.

काल सकाळी त्याच्या नावाची पहिली फेरी झाली. पाचशेपाच मतं हवी होती.

माझं नाव पुकारलं तेव्हा चिठ्ठी आणि पेन्सिल हातात होती. मी काय लिहिलं ते तू विचारणार. विचारू नकोस. मतदान गुप्त असतं, म्हणून तर ते मतदान.

मग मोजणी. सभापतीचा आवाज झोप आणणारा आहे. "सान्तोमाउरो. सान्तोमाउरो. कोरी. सान्तोमाउरो." आपल्या बाबांचं आडनाव, इम्मा, जे तलाठ्याला नीट लिहिता यायचं नाही, ते त्या झुंबरांखाली शेकडो वेळा. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आणि दर खेपेला मनात येत होतं की हे माझंही आडनाव आहे, पण यातलं एकही माझं नाही.

आणि तेवढ्यात सभापती थांबला. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "सान्तोमाउरो," म्हणाला, आणि मग, "ऑर्तेन्सिया."

मग कुणीतरी खोकल्यासारखं हसलं आणि मग सगळं सभागृह. वरच्या सज्ज्यात वर्तमानपत्रवाले उभे राहून मला शोधायला लागले. सार्डिनियाच्या त्या माणसानं माझ्या दंडाला कोपर लावलं. "वा, बाई. शाब्बास." मी समोर पाहत बसले. कान इतके तापले होते की टोपी काढावीशी वाटली.

शेवटी बेरीज वाचली. पाचशेचार.

एका मतानं.

बाहेर ओसरीत काल्वेत्तीनं मला गाठलं. हा पक्षाचा मतं सांभाळणारा माणूस, सदान्‌कदा घामेजलेला. "बाई, तुमच्या हौसेपायी देशाला आज राष्ट्राध्यक्ष मिळाला नाही."

"ती चिठ्ठी माझी नव्हती."

"मग कुणाची? या इमारतीत तुम्हाला ओळखतं कोण?"

"कोऱ्या तीसेक निघाल्या. त्यांना जाऊन विचारा."

"कोऱ्यांवर नाव नसतं," तो म्हणाला. "हिच्यावर आहे."



संध्याकाळी लुदोविकाचा फोन. "ऑर्तेन्सियाताई, मत हवं होतं तर आधी सांगायचंत. मीही दिलं असतं, पण मला कुठे आहे मत." आणि आज सकाळी वर्तमानपत्रात मथळा: 'सान्तोमाउरोंना बहीण आडवी आली.' सूप वाढणारी जोगीण म्हणाली, "अजून थोडं घ्या ना, राष्ट्राध्यक्षीणबाई." तीसुद्धा.

मठाच्या बैठकीत एक बातमीदार बाई येऊन बसली होती, आदेल्मा रूस्को नावाची. पन्नाशीची, बूट चिखलानं भरलेले. इतरांसारखी हसली नाही. "तुम्ही लिहिलं असेल तर का लिहिलंत ते सांगा, मी तसंच छापीन. लिहिलं नसेल तर नाही म्हणा, तेही छापीन. पण गप्प राहिलात तर ते लोक मन मानेल ते लिहितील."

तिला काय सांगू, इम्मा? नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न असणार, मग तुमची चिठ्ठी कोणती?

मी म्हटलं, "मतदान गुप्त आहे."

"मग उद्याही हसतील."

"हसू देत."

मतं पुन्हा जुळवायला पक्षानं मुदत मागून घेतलीय, म्हणून पुढची फेरी परवा.

ऑर्तेन्सिया

रोम, २१ डिसेंबर, दुपार

इम्मा,

झाला. तुझा भाऊ राष्ट्राध्यक्ष झाला. टाक आता तसबिरीवर फुलं.

आज सकाळी फेरीच्या आधी तो मठात आला होता. बरोबर कुणी नाही, कोटाची कॉलर वर केलेली. जोगिणींची तारांबळ उडाली. बैठकीचं दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, ती चिठ्ठी तुझी नव्हती, हे मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"कारण ती माझी होती."

मी खाली बसले.

"स्वतःचं नाव लिहायचं नाही अशी रीत आहे," तो म्हणाला. "त्रेविसोलचं लिहायचं, तर गेला आठवडाभर तो माझ्यामागे काय काय बोललाय ते मला ठाऊक आहे. पेन्सिल घेऊन उभा राहिलो. म्हटलं, त्या खुर्चीवर खरं कुणी बसायला हवं? तुझंच नाव आलं. हसतील असं वाटलंच नाही मला."

"एका मतानं पडलास."

"हो ना. इतकं जवळ जाईन असंही वाटलं नव्हतं." आणि हसला, ते आपलं जुनं हसू. "तू माझं नाव लिहिलंस, मी तुझं. फिटंफाट."

आता तुला सांगते, आणि हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. माझी चिठ्ठी कोरी होती.

त्याच्याविरुद्ध लिहायला गेले नव्हते मी. त्याचंच लिहायला गेले होते. एक अक्षर लिहिलं असतं तर पुढची आपोआप आली असती. पण पेन्सिल टेकवली आणि वाटलं, एवढं सगळं त्याला आयुष्यभर न मागता मिळालं, हे एक तरी माझ्या हातात राहू दे. घडी घातली आणि टाकली. पेटीत पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आणि तो म्हणतोय फिटंफाट.

मला रडू यायला हवं होतं. उठून त्याच्या गळ्यात पडायला हवं होतं. पोटातून आलं ते असं, की यातही हाच पुढे. मी कोरी टाकते आणि हा माझं नाव लिहितो. चांगुलपणातही मला मागे टाकतो, आणि टाकल्याचं त्याला कळतही नाही.

मग म्हणाला, "एक कर माझ्यासाठी. आजची फेरी होईपर्यंत गप्प राहा. उमेदवारानंच मत वाया घालवलं हे काल्वेत्तीला कळलं तर दुपारपर्यंत दुसरं नाव पुढे येईल."

"म्हणजे लोकांनी हसायचं ते मला."

"निवडून आलो की मीच सगळ्यांना सांगीन. शब्द देतो."

"आणि नाही आलास तर?"

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. "ताई, पंचवीस वर्षं मी प्रत्येक दारात दुसऱ्याला आधी जा म्हणत आलोय. हे शेवटचं दार आहे."

रूस्कोबाई अंगणातच उभी होती, इम्मा. काचेतून दिसत होती. मी दार उघडून एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. माझ्यावरचं हसणं संपलं असतं आणि त्याचं राजकारणही. जन्मात पहिल्यांदा तो माझ्या मुठीत होता. ते किती गोड लागलं ते तुलाही सांगणार नाही.

तो गेला. मी रूस्कोबाईला नमस्कार केला आणि काही न बोलता संसदेत गेले.

या वेळी त्याचं नाव लिहिलं. प्रेमानं लिहिलं असं म्हणत नाही. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसं लिहिलं, अक्षर न् अक्षर. पाचशेअठरा पडली. माझं नसतं तरी झाला असता. ते एक बरं की वाईट, अजून ठरत नाही.

सगळं सभागृह उभं राहिलं. त्यानं वर, प्रतिनिधींच्या बाकांकडे पाहून मान हलवली. सगळ्यांना वाटलं, किती मोठ्या मनानं त्यानं बहिणीला माफ केलं.

ऑर्तेन्सिया

रोक्कास्पिना, ९ मार्च

इम्मा,

तुझं पत्र आलं. उपदेश वाचला. कबूल कर, माफी माग, तुझं मन हलकं होईल. माझं मन जड आहे असं तुला कुणी सांगितलं? हलकंच आहे.

तो काय बोलला का ते विचारतेस. नाही. शपथ झाली, पहिलं भाषण झालं, टेलिव्हिजनवर मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्यानं हसत हसत विचारलंसुद्धा, "आणि ते बहिणीचं मत?" तुझा भाऊ म्हणाला, "आमच्या घरात मतभेदांची जुनी परंपरा आहे." कॅफेत सगळे हसले. मी कॉफी तशीच टाकून उठले. शब्द दिला होता त्यानं. मला वाटतं त्याला आठवतही नसेल, आणि आठवत असेल तर ते जास्त वाईट.

पण गावात गंमत झाली. मला वाटलं होतं, इथेही हसतील. गाडीतून उतरले तर कार्मोसीना मावशी हौदावर होती. ऐंशी वर्षांची झाली, अजून स्वतः चादरी पिळते. मला पाहून हात पुसले, जवळ आली आणि दोन्ही गाल धरले.

"स्वतःला मत दिलंस म्हणे?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"बरं केलंस. साठ वर्षं मी घरातल्या सगळ्यांना वाढून मग जेवते. एकदा तरी आपलं ताट आधी वाढून घ्यावं माणसानं. मला नाही जमलं. तुला जमलं."

मागच्या बायकांनीही माना हलवल्या. एकीनं आपल्या नातीला पुढे ढकललं, "हिच्या हाताचा मुका घे, हिला रोममध्ये मत पडलं." आता बाजारात गेले की भाजीवाली आधी माझं माप घालते. गेल्या महिन्यात शिक्षिकेनं मला शाळेत बोलावलं, मुलींशी बोलायला.

मी नाही म्हटलं नाही, इम्मा. हो पण म्हटलं नाही. त्याच्या हातचं आहे ते, मला ठाऊक आहे. त्यानं लिहिलं नसतं तर या बायकांना माझं नाव परत आठवलं नसतं. रोज सकाळी उठल्यावर आधी हेच आठवतं. तरीही मी हौदावर जाते, आणि जाताना ताठ चालते.

तू मात्र गप्प बस. हे तुझ्या-माझ्यातलं आहे.

ऑर्तेन्सिया

रोक्कास्पिना, १७ सप्टेंबर

इम्मा,

दोन महिने तुला लिहिलं नाही. का ते तुला माहीत आहे.

जुलैमध्ये नगरपालिकेच्या कचेरीत फोन आला. रोमहून. आधी कुणी अधिकारी, मग तो. "ताई" म्हणाला नाही. म्हणाला, "इम्माचं पत्र आलंय."

मी कचेरीचं दार पायानं लोटलं.

"तिनं तुला माफ करायला सांगितलंय. आधी मला कळेचना, कशाबद्दल." मग म्हणाला, "कोरी होती?"

"हो."

"मी फिटंफाट म्हणालो तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"तू गप्प राहा म्हणालास."

"ते वर्तमानपत्रवाल्यांपुढे."

मी म्हणणार होते, आणि तुझ्या शब्दाचं काय झालं, एवारिस्तो? सगळ्यांना सांगणार होतास ना? जिभेवर होतं. पण त्याचा श्वास ऐकू येत होता, जसा लहानपणी रडू आवरताना यायचा. मी बोलेपर्यंत त्यानं फोन ठेवला.

तू भलं करायला गेलीस, माहीत आहे. तुझ्या भल्यानं काय झालं ते ऐक.

या महिन्यात त्याचा आपल्या प्रांताचा दौरा होता. रोममधून आलेल्या कार्यक्रमात रोक्कास्पिनाचं नाव होतं: अकरा वाजता चौकात स्वागत. वाद्यवृंदानं पंधरा दिवस तालीम केली. फुलांच्या कमानी झाल्या. बेकरीवाल्यानं हातभर लांबीची पाव-भाकरी भाजली, तिच्यावर कणकेनं त्याचं नाव काढलं. माझ्या मनात एक चोर आशा होती, तुला सांगायला हरकत नाही. वाटत होतं, गाडीतून उतरेल, माझ्याकडे बघेल, आणि मी म्हणेन, चल, मिरच्या तळल्यात.

अकरा वाजले, बारा वाजले. मग चर्चच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. खाली दरीतल्या रस्त्यावर काळ्या मोटारींची रांग दिसत होती. सगळे कठड्याकडे धावले. वाद्यवृंदानं वाजवायला सुरुवातही केली. रांग आपल्या वळणापाशी आली, आणि न वळता पुढे गेली. सावकाश, घाई नसल्यासारखी. शेवटची मोटार दिसेनाशी होईपर्यंत ट्रॉम्बोनवाला एकटाच वाजवत होता.

मग आवाज चढायला लागले. कुणी म्हणे पुलाची दुरुस्ती चालू आहे, कुणी म्हणे मोठा झाला, गाव विसरला. बेकरीवाला म्हणाला, "वर्षाआधी आपल्या हातचं खाऊन गेला आणि आता थुंकतोय आपल्यावर." दोन पोरांनी हौदावरच्या संगमरवराकडे बोट दाखवलं. एकाच्या हातात दगड होता.

मला वाटायला हवं होतं, घाल. इतकी वर्षं मी त्या दगडावरचं नाव धुऊन जायची वाट पाहिली. पण नाही वाटलं. मी नगरपालिकेच्या पायरीवर चढले.

"तो गाव विसरलेला नाही," मी म्हटलं. "माझ्यावर रागावलाय. डिसेंबरात मी त्याला मत दिलं नाही."

"ते ठाऊकच आहे सगळ्यांना," कार्मोसीना मावशी पुढून म्हणाली. "तू स्वतःला दिलंस."

"नाही. माझ्या नावाची चिठ्ठी त्याची होती. त्यानं लिहिलं होतं माझं नाव. मी कोरी टाकली."

एरवी मी बोलले की आधी हसतात. कुणी हसलं नाही. पोरानं दगड हातातच धरून ठेवला, पण मारला नाही. एवारिस्तो आला नाही याचं कुणाला काही वाटेनासं झालं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बायकांच्या तोंडावर मी त्यांच्याकडून काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं दिसत होतं.

"कोरी?" मावशी म्हणाली.

"कोरी."

"कुणाचंच नाव नाही?"

"नाही."

"मग एवढ्या लांब गेलीस कशाला, पोरी?" ती म्हणाली. "जळायचंच होतं तर निदान तुझं नाव तरी लिहायचंस. ते सुद्धा त्यालाच लिहावं लागलं."

आणि शालीखालून पाव-भाकरीचा तुकडा काढून माझ्या हातात ठेवून गेली. मोडताना तुकड्यावर त्याच्या नावातली दोनच अक्षरं राहिली होती. मी खाल्ला. भूक लागली होती.

आता तुझ्याबद्दल. पोस्टमास्तर सांगत होता, रोमहून तुमच्या रोसारिओला राष्ट्राध्यक्षांच्या शिक्क्याची पत्रं जातात. महिन्याला एक. म्हणजे आता तो तुला स्वतः लिहितो. मला वीस वर्षांत एक ओळ नाही आणि तुला महिन्याला पत्र. काय लिहितो? तब्येत कशी आहे? माझं नाव काढतो का? नको, सांगू नकोस. नाही, सांग. खरं तेवढंच सांग, गोड करून नको.

माझं एक. वसंतात नगरपालिकेच्या निवडणुका आहेत, आणि मी पुन्हा उभी राहतेय. पक्षाला विचारलेलं नाही, बिशपसाहेबांनाही नाही. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बघू." बाकीच्या बायका अजून बोलत नाहीत माझ्याशी, त्यामुळे पडेन असंच दिसतंय. तरी उभी राहतेय.

आणि मत मी कुणाला देणार ते तुला कळवणार नाही. तू लगेच रोमला लिहिशील.

ऑर्तेन्सिया